डोळ्याचा रकाना

आमच्या दुकानाच्या दारापासून कापायच्या टेबलापर्यंत अकरा पावलं आहेत. गिऱ्हाईक ती चालून येईपर्यंत त्याची मापं नुसत्या डोळ्याने घ्यायची आणि वहीच्या डाव्या रकान्यात पेन्सिलीने लिहायची. मग टेप लावायचा आणि उजव्या रकान्यात शाईने लिहायचं. मला तशीच शिकवण होती. ज्यांच्या हाताखाली मी कापायला शिकलो ते उस्ताद म्हणायचे, टेपसमोर माणूस पोट आत ओढतो, खांदे ताठ करतो, लबाडी करतो. चालताना तो जसा असतो तसा दिसतो.

"दोन्ही रकाने जुळायला लागले की तू कटर झालास असं समज," ते म्हणायचे. "आणि डावीकडचा आकडा चुकला तरी खोडायचा नाही."

मला ते जुळवायला नऊ वर्षं लागली. उस्तादांच्या इतर शिष्यांना तीन-चार लागली होती, असं ते मला वारंवार सांगत.

ते गेल्यावर दुकान आम्ही दोघा भावांनी चालवलं. मी कापतो, धाकटा शिवतो. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान. गिऱ्हाइकांशी बोलायचं खातंही त्याच्याचकडे, कारण चार वाक्यांत माझा घसा कोरडा पडतो. तो बायको आणि मुलीबरोबर दोन गल्ल्या पलीकडे राहतो. मी लग्न केलं नाही. दुकानामागच्या खोलीत मी आणि माझी पुस्तकं, असा संसार आहे.

आता जे सांगायचं ते नीट सांगता येईल की नाही, मला शंका आहे. क्रमाने सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी जवळच्या छापखान्यातला एक कामगार कोट शिवायला आला. धिप्पाड, हसरा माणूस. तो दारातून टेबलापर्यंत आला, मी लिहीत गेलो. मग टेप लावला. सगळं जुळलं. फक्त डाव्या बाहीपुढे पेन्सिलीने मी तेरा लिहिलं होतं. टेप म्हणाला, चोवीस.

मशीनवरून मान लांब करून धाकट्याने वही पाहिली. "दादा, एकीकडे हाफ बाही शिवायची का? नवी फॅशन आहे?"

छापखानेवालाही हसला. मी शरमलो आणि चोवीसने कापलं. आकडा खोडला मात्र नाही.

सात महिन्यांनी तो तोच कोट घेऊन आला. डावी बाही खिशात खोचलेली होती. छापयंत्राच्या रुळांत हात सापडला होता, कोपराच्या जरा वरून काढावा लागला होता. "मास्तर, ही बाही तेवढी कमी करून द्या," तो म्हणाला. "लोंबते, दारात अडकते." मी टेप लावला. तेरा.

त्या दिवसापासून मी डोळ्याने लिहिणं बंद केलं. वहीत डावीकडचा रकाना आखत होतो, सवयीने. तो कोरा राहायचा. गिऱ्हाईक दारातून आत आलं की मी मान खाली घालून कात्री पुसत बसे. दारासमोरचा मोठा आरसाही मी भिंतीकडे तोंड करून ठेवला. टेबलाकडे येताना मला मी दिसायला नको होतो.

धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा चार महिने हातात होते. त्याने स्वतःसाठी राखाडी लोकरी कापड आणलं आणि दुकान बंद करायच्या थोडं आधी, उजेड असतानाच, दारात जाऊन उभा राहिला.

"माझं माप पूर्वीसारखं घे. आधी डोळ्याने."

"टेपने घेतो की."

"उस्ताद असते तर असं केलं असतंस? लेकीच्या लग्नाचा कोट आहे, दादा. पेन्सिल घे हातात."

तो चालत आला. मशीनवर बसून बसून त्याचा डावा खांदा किंचित उतरला आहे, तो मला दिसला. पायांचा आवाज मोजला, अकरा. माझा हात लिहीत होता आणि खरं सांगायचं तर काय लिहितोय याकडे माझं लक्ष नव्हतं. मग टेप लावला. छाती जुळली नाही. कंबर अजिबात जुळली नाही. टेप सदतीस म्हणत होता आणि डाव्या रकान्यात एकोणतीस होतं.

मी वही मिटली.

"काय झालं?"

"काही नाही. उजेड कमी आहे."

त्याने कापडाची घडी टेबलावर ठेवली आणि तो घरी गेला.

दोन दिवस मी कापडाला हात लावला नाही. दुसऱ्या संध्याकाळी वाचनालयात गेलो. छापखान्यातली नोकरी सुटल्यावर तो हात गेलेला माणूस तिथेच पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलावर बसतो. मी आठवड्यातून तीनदा त्याच्यासमोर जातो आणि इतक्या वर्षांत मी त्याला ते तेरा कधी सांगितलं नव्हतं. नशीब आणि प्रयत्न यांच्यावरची जाडजूड पुस्तकं मात्र त्याच्याच हातून घेऊन वाचली होती. एक पुस्तक म्हणायचं, देवाला सगळं आधीच ठाऊक असतं. दुसरं म्हणायचं, मग माणसाला कशाचाच जाब विचारता येणार नाही. ती एकमेकांशी भांडत आणि मी मधल्यामध्ये झोपी जाई.

त्या दिवशी त्याच्या कोटाच्या मापाची जुनी वही बरोबर नेली होती. पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने तारीख वाचली, आकडे वाचले, उजव्या हाताने चष्मा वर केला. "हे अपघाताच्या आधीचं?"

"सात महिने आधीचं. मी तुम्हाला बोललो नाही."

"बोलला असतात तर मी काय केलं असतं माहितीये? चहा प्यायला गेलो असतो आणि सगळ्यांना सांगून हसवलं असतं. शिंप्याला माझा हात आखूड दिसतो म्हणून."

"तरी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," तो म्हणाला, आणि मला वाटलं त्यापेक्षा ते जास्त लागलं. "पण ऐका, मास्तर. त्या दिवशी कागद अडकला होता. यंत्र बंद करून मग हात घालायचा, हे मला पहिल्या दिवसापासून पाठ. बटण हाताच्या अंतरावर होतं. बंद केलं तर पुन्हा वेग धरायला वेळ जातो, म्हणून मी नाही दाबलं. कुणी माझा हात धरून आत घातला नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून तो गेला, असं समजत असाल तर माझ्या मूर्खपणाचं श्रेय फुकट घेताय."

"आणि देवाला ठाऊक होतं, त्याचं काय?"

"असेल ठाऊक. त्याच्याशी मी भांडतो अधूनमधून, ते वेगळं. पण बटण त्याच्या नाही, माझ्या हाताशी होतं." त्याने वही मिटून माझ्याकडे सरकवली. "आज हे पान का दाखवताय? आता कुणाचं लिहून बसलात?"

मी सांगितलं.

"मग इथे काय करताय?" तो म्हणाला. "पुस्तक हवंय का आणखी एक?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी धाकट्याला त्याच्या मापाचं पान दाखवलं. तो वाचून हसला नाही, तेव्हा मला कळलं की त्यालाही कुठेतरी कुणकुण होती. जेवण अर्धवट बाजूला सारतो, पट्ट्याला नवं भोक पाडलं, हे मी पाहूनही पाहिलं नव्हतं.

"डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणालो.

"कशाला? हा आकडा खरा असेल तर डॉक्टर काय करणार? आणि खोटा असेल तर डॉक्टर कशाला हवा?"

मी शब्द जुळवेपर्यंत त्याने मशीन सुरू केलं.

"लग्न होऊ दे," तो मशीनच्या आवाजात ओरडून म्हणाला. "चार महिने मला आजारी पडायला वेळ नाही. आणि हिला एक अक्षर बोललास तर बघ."

त्या दुपारी मी राखाडी कापड टेबलावर पसरलं. खडू हातात घेतला. उस्ताद एकदा म्हणाले होते, डोळ्याला काय दिसेल ते तुझ्या हातात नाही, पण कात्री तुझ्याच हातात आहे, तिची चूक माझ्यावर किंवा आणखी कुणावर ढकलायची नाही. ते मला अर्धा इंच चुकल्याबद्दल रागावत होते, एवढंच. मोठं काही सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण तेच आठवलं, आणि मी डाव्या रकान्यातल्या मापाने कोट कापला. कंबर एकोणतीस.

हे मी का केलं, ते मला तेव्हा स्पष्ट होतं असं म्हणता येणार नाही. तोंडाने सांगायला मी कमी पडलो होतो. कापड तरी बोलेल, असं काहीसं वाटलं.

धाकट्याने तो शिवायला साफ नकार दिला. मग मशीनवर मीच बसलो. तयार झाल्यावर कोट दुकानातल्या लाकडी पुतळ्यावर चढवला आणि पुतळा त्याच्या मशीनसमोर ठेवला.

"हा कुणाचा? बाहुल्याचा?"

"तुझा."

"चक्रम आहेस तू, दादा." त्याने कोट काढून स्वतःच्या अंगात घातला, मला चिडवायला. दोन्ही कडा बटणापाशी एकमेकींपासून चांगल्या सात बोटं लांब राहिल्या. तो आरशाकडे गेला, आरसा पाठमोरा पाहून शिवी हासडली, आरसा फिरवला आणि पोट पुढे काढून उभा राहिला. "लग्नात नवरीचा बाप असा दिसणार. झकास."

पुढच्या शनिवारी त्याने पुन्हा घातला. त्याचा खेळच झाला तो, दर शनिवारी मशीनला तेल घालून झालं की कोट चढवायचा. कडांमधलं अंतर तो बोटांनी मोजायचा. सहा बोटं. पुढच्या खेपेला सहाच. मग पाच. मग तो मोजल्याचं मोठ्याने सांगेनासा झाला.

मी कोटाला हात लावत नव्हतो. सकाळी दार उघडलं की पुतळा पाठमोरा दिसायचा, आणि पहिल्या क्षणी मला वाटायचं, धाकटा आज लवकर आलाय. लाकडी पुतळ्याचे खांदे सरळ आहेत. तरी कोटाचा डावा खांदा उतरलेला दिसे. मी कापताना तसाच कापला होता, त्यात विशेष काही नाही, असं मी स्वतःला समजावत असे. मग खराखुरा धाकटा मागून आत येई, आणि दोघांना एकाच वेळी पाहताना मला दर आठवड्याला कमी फरक दिसे.

तिसऱ्या महिन्यात भावजय दुकानात आली. ती सहसा येत नाही. पिशवी खाली न ठेवता तिने पुतळ्याकडे बोट दाखवलं.

"दादा, तो कोट काढा तिथून."

"का?"

"का म्हणून विचारता? तुम्ही तो तंग शिवलात म्हणून हे घरी येऊन हसायचे, आणि आता त्यात मावायला लागले. रात्री कुशीवर वळतात तर बरगड्या मोजता येतात. मला कुणी काही सांगत नाही." तिचा आवाज चढला नाही, त्याचंच भय वाटलं. "तुम्ही माप घेतलंत की माप दिलंत, दादा?"

मशीन थांबलं. धाकटा काही बोलणार होता, पण मी आधी बोललो. मी सगळं सांगितलं, छापखानेवाल्याच्या बाहीपासून. इतकं सलग मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. आणि शेवटी म्हणालो, "मी दिलं असेल, तर ते मलाच ठाऊक नाही. घेतलं असेल, तरी गप्प बसून मी पहिले दोन दिवस घालवलेच. पण त्याला मी डॉक्टरकडे चल म्हणालो. तो नाही म्हणाला. तेवढं त्याचं आहे."

भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं. धाकटा उठला. पुतळ्यावरचा कोट काढून त्याने अंगात घातला आणि कडा ओढल्या. मधलं बटण काजात गेलं. ओढून, ताणून, पण गेलं.

तो तसाच उभा राहिला.

"हा पूर्ण बसला की मी मरणार का, दादा?"

"ते लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "एकोणतीस लिहिलंय. मेलेल्या माणसाला दारातून इथवर चालत येता येत नाही. मी चालणाऱ्याचं माप घेतलंय."

हे वाक्य माझ्या तोंडून येईपर्यंत मला स्वतःला सुचलं नव्हतं. खरं होतं की नुसता दिलासा होता, आजही सांगता येत नाही.

त्याने बटण काढलं, कोट पुतळ्याला परत घातला, बाहीवरचा धागा झटकला. "चपला घालतो," तो बायकोला म्हणाला. "डॉक्टर किती वाजेपर्यंत असतो बघ."

पोटात गाठ होती. डॉक्टरांनी आमच्यासमोर टेबलावर कागद ठेवला आणि त्यावर चित्र काढून दाखवलं. आणखी दोन महिने थांबला असतात तर मी हे चित्र काढलं नसतं, ते म्हणाले. आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया झाली. जठराचा मोठा भाग काढला. तीन आठवडे त्याने पातळ पदार्थांवर काढले, आणि जी कंबर आजाराने उतरवली नव्हती ती उपचारांनी उतरवली.

लग्नाच्या दिवशी त्याने कोट घातला. सगळी बटणं सहज लागली. कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. इतका नेमका बसलेला कोट मी आयुष्यात दुसरा कापलेला नाही, आणि मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं. पाहुणे म्हणत होते, काय सुंदर शिवलाय. भावजय माझ्या शेजारी क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

लग्नानंतर दहा दिवसांनी धाकटा दुकानात आला. मशीनवर बसायची परवानगी नव्हती, नुसताच आला. हातात भावजयीने दिलेला डबा होता. तो त्याने टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. घरीही तो ताट तसंच परत करतो, हे मला कळलं होतं. जेवण जात नाही म्हणायचा. डॉक्टर म्हणाले होते, आता खाणं हेच औषध, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, आणि भूक लागायची वाट बघू नका.

"वही काढ," तो म्हणाला आणि दाराकडे गेला.

"नको."

"काढ, दादा. मागच्या वेळी मला वाचायचं नव्हतं. या वेळी वाचायचं आहे."

मी पेन्सिल उचलली. तो निघाला. पूर्वी अकरा लागायची, आता चौदा पावलं लागली. मधे एकदा त्याने भिंतीला हात टेकला. मी मान वर ठेवली. डोळे मिटावेसे वाटले, पण त्याने आपल्या पायांनी चालायचं आणि मी पाहूही नये, हे बरं दिसलं नसतं. हात लिहून थांबला. मग टेप लावला. टेप एकोणतीसच म्हणाला.

वही त्यानेच आपल्याकडे ओढली. डाव्या रकान्यात एकतीस होतं.

"दोन इंच," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे येणारच ते." डब्याकडे त्याने नजर टाकली. "मग मी हे नाही खाल्लं तरी येतील?"

तोच जुना प्रश्न. वाचलेली सगळी पुस्तकं आठवून पाहिली. मग कोट टेबलावर उलटा पसरला आणि अस्तर सोडवून दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवायला घेतल्या. कोट ढिला करायला किती जागा आहे, एवढं तरी पाहता येणार होतं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. माणूस पुढे भरला तर कोट फेकून द्यावा लागू नये म्हणून ती सोडायची असते. माझा हात त्या बाबतीत आखडता आहे, उस्ताद मला कंजूष म्हणत.

टाके सुटत गेले. मायेचं कापड नेहमीपेक्षा रुंद होतं. चारही कडांना अर्धा अर्धा इंच जास्त, म्हणजे एकूण दोन इंच. आणि त्या जास्तीच्या कापडावर, शिवणीच्या बाहेर, खडूची दुसरी रेघ होती. फिकट, सरळ, वरपासून खालपर्यंत. रेघेच्या टोकाला मी बारीकशी शेपटी वळवतो, गळासारखी, ती माझी खूण. तीही होती.

धाकटा वाकून बघत होता. "हे कधी काढलंस?"

"मी नाही काढलं." मग मी नीट पाहिलं. "म्हणजे, मीच काढलंय. दुसरं कोण काढणार. आठवत नाही."

"शिवलंस पण तूच. दिसली नाही?"

"दिसली असणार. माझ्या बोटांखालून गेलीये ती."

त्याने रेघेवरून अंगठा फिरवला. खडू अंगठ्याला लागला. तो त्याने शर्टाला पुसला नाही, तसाच समोर धरून पाहत राहिला. पुतळा मोकळा उभा होता, त्याचे लाकडी खांदे सरळ होते.

"समज, मी खाणारच नसतो," तो हळू म्हणाला. "तर ही रेघ इथे नसती का? आधीपासूनच?"

"नसती, असं मला वाटतं," मी म्हणालो. "पण मी चुकत असेन. मी नेहमीच..."

"दादा, एक वाक्य तरी पूर्ण करत जा." त्याने स्टूल ओढलं, बसला आणि डब्याचं झाकण काढायला लागला. त्याच्या बोटांत तेवढा जोर नव्हता. मी हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला. झाकण निघालं. पहिला घास तोंडात घालून तो बराच वेळ चावत राहिला, गिळताना त्याने डोळे घट्ट मिटले.

"अजिबात भूक नाही मला," तो म्हणाला, आणि दुसरा घास घेतला.

मी सुई ओवून तयार ठेवली होती. ती परत सुयांच्या उशीला टोचली. बाहेरच्या रेघेवर शिवण घ्यायची घाई मी केली नाही. कोट तसाच उसवलेला ठेवून, तो जेवत होता तितका वेळ, मी समोर बसून राहिलो.